मध्यंतरानंतरची सव्वीस मिनिटं

दातांच्या डॉक्टरांनी तो सिनेमा नऊ वेळा पाहिला. नवव्यांदा पाहून आल्यावर त्यांनी दवाखान्यातल्या खुर्चीच्या बरोबर वर, छतावर, त्याचं पोस्टर चिकटवून घेतलं. खुर्ची मागे झुकवली की पेशंटला दुसरं काही दिसायची सोयच उरली नाही. वर काळंभोर अंतराळ, त्यात नखाएवढं यान, आणि मधे मास्क लावलेले डॉक्टर.

"त्या अंधाराकडे बघत राहा," ते म्हणायचे. "भूल कमी लागते."

भूल पूर्वीएवढीच लागायची. पण ज्याच्या तोंडात लाळ ओढणारी नळी आणि दोन्ही गालांत कापसाचे बोळे आहेत, तो वाद काय घालणार? डॉक्टरांना असा श्रोता दिवसाला बारा-चौदा वेळा मिळायचा. नुसते दात साफ करायला आलेले पहिल्या अर्ध्या तासावर सुटायचे. रूट कॅनलवाल्यांना मात्र सिनेमा तीन बैठकांत, संपूर्ण, भाष्यासकट मिळायचा. बाहेर टेबलाशी डॉक्टरांची बायको बसायची. वेळा देणं, फाइली काढणं, हत्यारं वाफेच्या यंत्रात घालून निर्जंतुक करणं, घाबरलेल्यांना पाणी देणं, सगळं तिच्याकडे. पेशंट आत जाताना तिच्या कानाशी येऊन विचारायचे, "वहिनी, आज फक्त दाताचंच होईल ना?"

सिनेमा तसा मोठाच होता, त्याबद्दल दुमत नाही. तीन हजार माणसांना काचेच्या पेट्यांत झोपवून एक यान दूरच्या ग्रहाकडे निघालेलं असतं. यानाची कप्तान तरुण बाई. सगळं नीट मार्गी लागलं की तीही आपल्या पेटीत झोपणार असते. मध्यंतर होतं तेव्हा ती पेटीच्या कडेवर बसून बूट काढत असते आणि मागे कुठेतरी एक लाल दिवा लुकलुकायला लागतो. मध्यंतर संपतं. यान ग्रहावर उतरलेलं असतं. तीन हजार माणसं जशीच्या तशी, ताजीतवानी उठून बाहेर येतात आणि कप्तान म्हातारी झालेली असते. डोकं पांढरंशुभ्र, हात थरथरणारे. का, ते कुणी सांगत नाही. लोक तिच्याकडे बघतात आणि एकेक करून गुडघ्यावर बसतात. संपला सिनेमा.

डॉक्टर वेडे झाले ते त्या उडीपायी.

"एक शब्दही नाही!" ते पेशंटच्या जबड्यात आरसा घालून म्हणायचे. "एका क्षणात केस पांढरे! दुसरा कुणी असता तर अर्धा तास कारणं देत बसला असता. इथे दिग्दर्शक म्हणतो, काळाला कारण नसतं. माणूस अज्ञातापुढे गुडघे टेकतो. अजून थोडं उघडा."

पहिल्यांदा दोघं मिळून सिनेमाला गेले होते तेव्हा बाहेर पडताना बायको म्हणाली होती, "अहो, आपण मध्यंतरात फार वेळ बाहेर थांबलो का? मधलं काहीतरी गेल्यासारखं वाटतंय."

डॉक्टर रस्त्यातच थांबले. "गेलेलं नाही, गाळलेलं आहे. त्यालाच कला म्हणतात. तुझ्या डोळ्यांना सवय नाही, होईल हळूहळू."

सवय व्हावी म्हणून ते तिला आणखी तीनदा घेऊन गेले. पाचव्या वेळी तिने हत्यारं धुवायची आहेत असं सांगितलं.

गावात मोठ्या पडद्याचं थिएटर एकच, आणि नऊच्या नऊ वेळा डॉक्टर तिथेच गेले. लहान पडद्यावर हा सिनेमा पाहणं म्हणजे समुद्र पेल्यात पाहणं, असं त्यांचं म्हणणं. परीक्षणंही त्यांनी वाचली नाहीत. दुसऱ्याची उष्टी मतं कशाला? त्यांच्या मेहुण्याने, म्हणजे बायकोच्या धाकट्या भावाने, तो सिनेमा मोबाइलवर पाहिला होता. हा मेहुणा लोकांना गाडी चालवायला शिकवायचा. शेजारच्या सीटवर बसून दिवसभर दुसऱ्याच्या चुका सोसायची त्याला सवय होती, म्हणूनच त्याचं डॉक्टरांशी जमायचं.

"दाजी, तो पंपाचा भाग मात्र..." तो एकदा जेवताना म्हणाला.

"एक शब्द नको," डॉक्टरांनी हात वर केला. "तू मोबाइलवर पाहिलास. तू पाहिलाच नाहीस."

"अहो पण तो पंप..."

"भाजी वाढ गं याला."

मेहुण्याने ताईकडे पाहिलं. ताईने भाजी वाढली. तो विषय तिथेच मिटला, तो चार महिने.

त्या चार महिन्यांत डॉक्टरांचं नाव पसरलं. वाचनालयात दर महिन्याला सिनेमावर बोलायला जमणारं एक मंडळ होतं. बरेचसे निवृत्त, थोडे कॉलेजातले, आणि दोघं-तिघं वाचनालयातला पंखा चांगला म्हणून येणारे. त्यांनी डॉक्टरांना व्याख्यानाला बोलावलं. विषय डॉक्टरांनीच दिला: 'काळाच्या जबड्यातली पोकळी'. रविवारी संध्याकाळी सहा वाजता. पत्रिका छापल्या गेल्या आणि प्रत्येक पेशंटच्या हातात गोळ्यांच्या चिठ्ठीबरोबर एकेक पडू लागली.

व्याख्यानाला चार दिवस असताना एक पन्नाशीचा माणूस खालची दाढ धरून आला. बारीक, शांत, डोळे सारखे किलकिले करणारा. डॉक्टरांनी खुर्ची झुकवता झुकवता नेहमीचा प्रश्न टाकला.

"हा सिनेमा पाहिलात का?"

माणसाने छताकडे पाहिलं. "पाहिला की. रोज चार वेळा."

डॉक्टरांच्या हातातली सुई तशीच राहिली. नऊ वेळांचा त्यांना केवढा अभिमान! आणि इथे कुणीतरी रोज चार वेळा! "रोज?"

"रोजच. ऑपरेटर आहे ना मी थिएटरात. मशीनवर."

डॉक्टरांनी मास्क खाली केला आणि त्या माणसाचा हात हातात घेतला. पुजाऱ्याला भेटल्यासारखा त्यांचा चेहरा झाला होता. मग त्यांनी भूल दिली, बोळे भरले, नळी लावली, दाढ कोरायला घेतली आणि मोकळे झाले.

"तुम्हाला मी काय सांगणार! पण मध्यंतरानंतरची ती उडी... दर वेळी अंगावर काटा येतो हो. तुमच्या येतो की नाही?"

ऑपरेटरने हात हलवला.

"येणारच! तो लाल दिवा, आणि एकदम ते पांढरं डोकं. मधे काही नाही!"

ऑपरेटरने दोन्ही हात हलवले. घशातून "अं, अं" असा आवाज काढला.

"दुखतंय? नाही ना? मग भावना आहे ती, येऊ द्या. रविवारी मी हेच सांगणार आहे. जगात असा सिनेमा नाही, की ज्याने कारण दाखवण्याचा मोह..."

ऑपरेटरच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. डॉक्टरांनी ते स्वतःच्या हाताने टिपलं. बायको ट्रे ठेवायला आत आली तेव्हा ते तिला म्हणाले, "बघ, रसिक असा असतो."

दाढ भरून झाली. बोळे निघाले. ऑपरेटर उठून बसला, चूळ भरली आणि सुजल्यासारख्या जिभेने म्हणाला, "उली नाईये."

"काय?"

"उडी. नाहीये ती. मी नेतो फुढे." त्याने गाल चोळला आणि शब्द एकेक सुटे करून सांगितलं, "मॅनेजर म्हणाला, तीन तासांचा सिनेमा आहे, दिवसात चार खेळ बसत नाहीत. म्हणून मध्यंतर झालं की मी सव्वीस मिनिटं पुढे नेऊन सुरू करतो. पहिल्या दिवसापासून."

खोलीत फक्त नळीचा सुरसुर आवाज चालू होता. बायकोने पुढे होऊन ती बंद केली.

"सव्वीस मिनिटांत काय आहे?" डॉक्टरांनी विचारलं.

"ते केस कसे पांढरे होतात ते आहे," ऑपरेटर म्हणाला. मग घाईने उभा राहिला. "साहेब, कुठे बोलू नका. वरच्या कंपनीला कळलं तर माझी मशीनची जागा जाईल. तुम्ही एवढं मनापासून बोलत होतात, मला राहवलं नाही."

डॉक्टरांनी मान हलवली. ती कशासाठी हलवली, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी दवाखाना बंद असताना त्यांनी मेहुण्याला फोन केला आणि पेट्रोलचा भाव, गाडीची सर्व्हिसिंग असं बरंच बोलून झाल्यावर म्हणाले, "तुझा मोबाइल अर्धा तास देशील का?" मेहुणा मोबाइल घेऊन आला, पंपाचा भाग काढून दिला आणि बाहेर ताईशेजारी जाऊन बसला. तोंडातल्या तोंडात हसत होता, पण आवाज येऊ दिला नाही.

डॉक्टर पेशंटच्या खुर्चीत आडवे झाले. छातीवर मोबाइल उभा धरला.

लाल दिवा पंपाचा होता. झोपलेल्या तीन हजार माणसांना हवा पुरवणारा पंप बिघडलेला. यंत्राला तो आपोआप चालवता येत नव्हता. दर चार तासांनी कुणीतरी हाताने त्याची चक्री फिरवायला हवी. कप्तान हिशेब करते, प्रवासाला एकतीस वर्षं उरलेली. ती बूट पुन्हा पायात घालते. बस, एवढंच. पुढची वीस-एक मिनिटं ती चक्री फिरवते, जेवते, झोपते, उठते, चक्री फिरवते. पेट्यांवरची नावं तिला पाठ होतात. ज्याचा वाढदिवस असेल त्याच्या काचेवर ती फडकं मारते. एका बाईच्या पेटीपाशी उभी राहून सांगते, "आज माझा गुडघा फार दुखतोय," आणि उत्तर येणार नाही हे माहीत असूनही थोडं थांबते. केस पांढरे होतात ते कधी, हे कळतही नाही. शेवटी लोक गुडघे टेकतात ते अज्ञातापुढे वगैरे नाही. भिंतीवर तिने दर चक्रीला एक रेघ ओढलेली असते आणि उठलेल्यांनी ती भिंत पाहिलेली असते.

डॉक्टर रडले. नऊ वेळा पाहून त्यांच्या अंगावर काटा आला होता, पण रडू आलं नव्हतं. आता त्यांचं नाक वाहत होतं आणि पुसायला त्यांनी पेशंटच्या गळ्यात बांधायचा कागदी रुमाल ओढला. तेवढ्यात बायकोने दार उघडलं. तिच्या हातात वाफेतून काढलेल्या हत्यारांचा ट्रे होता.

"औषध उडालं डोळ्यात," डॉक्टर म्हणाले.

"कुठलं? सगळ्या बाटल्या कपाटात आहेत," ती म्हणाली, ट्रे ठेवला आणि दार ओढून घेतलं.

रविवारी सकाळी डॉक्टरांनी व्याख्यानाचे कागद समोर पसरले. बावीस पानं होती. त्यातल्या वीस पानांवर उडी होती. बायकोने चहा ठेवला.

"काय बोलणार आज?"

"जे लिहिलंय ते."

"आणि मोबाइलवर पाहिलंत ते?"

"ते..." डॉक्टरांनी कागद सारखे केले. "ते ठीक आहे. पण जरा पसरट आहे. कातर लावायला हवी होती."

साखरेचा डबा बंद करून तिने फडताळात ठेवला, जरा जोरात.

सभागृह भरलेलं होतं. पेशंटच निम्मे, पुढच्या बैठकीत ज्याच्या हातात आपला दात आहे त्याच्या व्याख्यानाला न जाण्याची हिंमत कोण करणार! ऑपरेटरही आला होता, तिसऱ्या रांगेत, गाल अजून थोडा सुजलेला. डॉक्टर रंगात येऊन बोलले. उडी, मौन, पोकळी, काळाचा जबडा. पाऊण तासाने टाळ्या झाल्या आणि प्रश्न विचारा असं अध्यक्ष म्हणाले.

कॉलेजातली एक मुलगी उभी राहिली. "सर, मला कळलं नाही. ती एकतीस वर्षं जागी राहते ना? पंप चालवत? उडी कुठे आहे?"

सभागृहात चुळबुळ झाली. दोघा-तिघांनी माना डोलावल्या. मागून कुणीतरी म्हणालं, "हो, मी पण घरी पाहिला त्यात पंप होता." मेहुण्याने बुटांच्या नाड्या बांधायला घेतल्या.

तिथे डॉक्टर दोन गोष्टी करू शकत होते. मला या आठवड्यापर्यंत माहीत नव्हतं, असं म्हणायचं आणि खाली बसायचं. लोक हसले असते, आणि चहाबरोबर सगळं गिळून टाकलं असतं. पण डॉक्टरांच्या पाठीशी बावीस पानं होती.

"उत्तम प्रश्न!" ते म्हणाले. "तुम्ही म्हणता तो सिनेमा कंपनीचा. पसरट, बाळबोध, सगळं चमच्याने भरवणारा. मी बोलतोय तो सिनेमा फक्त आपल्या गावात दाखवला गेला. त्यातली सव्वीस मिनिटं एका माणसाने कापली. दिग्दर्शकाला जे जमलं नाही ते त्याने केलं. आणि तो कलावंत आज इथे बसलाय!"

त्यांनी बोट दाखवलं. सगळ्या माना तिसऱ्या रांगेकडे वळल्या. ऑपरेटरने आधी मागे वळून पाहिलं, आपल्यामागे कुणी असलं तर बरं अशा आशेने. मग लोक टाळ्या वाजवायला लागले तेव्हा तो अर्धवट उठला, हात अर्धवट जोडले आणि अर्धवटच बसला. पुढच्या रांगेतल्या एकाने मोबाइलवर ते सगळं टिपलं आणि घरी पोचायच्या आत चार ठिकाणी पाठवलं.

घरी कुलूप काढताना बायको म्हणाली, "त्याने तुम्हाला सांगितलं होतं, बोलू नका म्हणून. मी तिथेच उभी होते."

"मी त्याचा गौरव केला!"

"हो," ती म्हणाली. "बोट दाखवून."

कंपनीची माणसं आठवड्याभरात थिएटरात आली. मॅनेजरने कानांवर हात ठेवले. मी कधीच असलं काही सांगितलं नाही, तो म्हणाला. हा आमचा ऑपरेटर जरा कलावंत आहे, परस्पर करतो. पुरावा म्हणून त्याने डॉक्टरांचंच व्याख्यान मोबाइलवर लावून दाखवलं. तेवढं पुरलं. तीस वर्षं मशीनवर बसलेल्या ऑपरेटरला खाली आणून दारावर तिकिटं फाडायला उभं केलं. आणि थिएटरला बजावलं की हाच सिनेमा आठवडाभर, संपूर्ण, दिवसात तीनच खेळ, असा पुन्हा दाखवायचा.

गाव लोटलं. आधी पाहिलेले आले, न पाहिलेले आले. बाहेर पडताना बायका डोळे पुसत होत्या, पुरुष उगीचच मोबाइल काढून बघत होते. पानाच्या गादीवर, शाळेच्या फाटकाशी, न्हाव्याच्या दुकानात पंपाशिवाय विषय नव्हता. मेहुण्याच्या गाडीत शिकणाऱ्या एका आजींनी तर सिग्नलला गाडी बंद पाडून कप्तानबाईंच्या गुडघ्याची चौकशी केली. उडीचं नाव कुणी काढलं नाही. उडीला जागाच उरली नव्हती.

मंगळवारी डॉक्टर एका पेशंटच्या हिरडीत सुई घालत म्हणाले, "पंपाचा भाग पाहिलात ना? सगळा सिनेमा त्यात आहे. लोकांना आत्ता कळतंय. मी पहिल्यापासून म्हणत होतो, यात सेवा आहे, मूक सेवा!"

बाहेर टेबलाशी बायको फाइल लावत होती. तिने ते ऐकलं आणि फाइल चुकीच्या खणात घातली. मग काढून पुन्हा बरोबर खणात घातली. त्या संध्याकाळचे सगळे पेशंट तिने परवावर ढकलले आणि आत जाऊन सांगितलं, "चला. सिनेमाला जायचंय. आणि आधी त्या माणसाशी बोलायचंय."

थिएटरच्या दारावर ऑपरेटर उभा होता. थिएटरचा निळा कोट त्याला खांद्यात मोठा होत होता. डॉक्टरांनी तिकिटं पुढे केली आणि घसा साफ केला.

"मला फार वाईट वाटलं ऐकून. असं व्हायला नको होतं. मी कंपनीला पत्र लिहितो. चार पानांचं. तुमच्या निवडीमागचा विचार त्यांना समजावून..."

"नको डॉक्टर," ऑपरेटर पटकन म्हणाला. "अजून काही लिहू नका."

मागे रांग वाढत होती. शेवटी ते हळू म्हणाले, "तुम्ही नका सांगू म्हणाला होतात. माझं चुकलं." एवढं एक वाक्य त्यांनी पोकळी, मौन, काळ यातलं काही न घालता म्हटलं, आणि त्याचा त्यांनाच त्रास झाल्यासारखा चेहरा केला.

ऑपरेटरने तिकिटं फाडली. "जाऊ द्या."

"वर काम आवडायचं ना तुम्हाला?" बायकोने विचारलं.

"आवडायचं. शांत असतं वर." त्याने मागच्या माणसाचं तिकीट हातात घेतलं. "पण तिथून लोकांची फक्त डोकी दिसतात, मागून. तीस वर्षं डोकीच बघितली. इथे खेळ सुटला की तोंडं दिसतात. परवा एक माणूस बाहेर आला आणि माझ्याजवळ उभा राहिला. काही बोलला नाही. गेला."

डॉक्टर दोन पावलं आत गेले होते, ते परत फिरले. त्यांचे डोळे चमकत होते.

"हे फार मोठं बोललात! तीस वर्षं डोकी, आणि आता तोंडं. हे वाक्य मी कुठे वापरलं तर चालेल?"

"नाही," ऑपरेटर म्हणाला आणि पुढच्या तिकिटाला हात घातला.